हॅमट्रॅमिकची मतदार यादी

डेट्रॉइट शहराच्या पोटात एक दुसरे शहर आहे. त्याचे नाव हॅमट्रॅमिक. क्षेत्रफळ जेमतेम दोन चौरस मैल, २०२० च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्या २८,४३३. डेट्रॉइटमधून गाडीने जाताना आपण केव्हा या शहरात शिरलो आणि केव्हा बाहेर पडलो हे कळतही नाही. पण उतरून पायी चालले की लगेच कळते. कोनंट रस्त्यावर बंगाली पाट्या सुरू होतात. मिठाई, मासे, साड्या, प्रवासाची तिकिटे, सगळे बंगालीत. या रस्त्याला ‘बांगलादेश अ‍ॅव्हेन्यू’ असे मानाचे नावही दिलेले आहे. दोन गल्ल्या ओलांडल्या की येमेनी हॉटेले आणि अरबी पाट्या लागतात. मध्येच एखादी जुनी पोलिश बेकरी आणि सेंट फ्लोरियन चर्चचा उंच मनोरा. कॅनिफ रस्त्यावर अल-इस्लाह मशीद आहे. तिथे अजान लाउडस्पीकरवर होते. २००४ मध्ये नगर परिषदेने त्यासाठी नियम केला, तेव्हा विरोधकांनी तो प्रश्न थेट जनमताला नेला आणि त्याच वर्षी जुलैत गावाने मतदान करून नियम कायम ठेवला.

आम्ही दोघे ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस मिशिगन राज्यात होतो. आमचे एक मामू, मूळचे महाडकडचे, मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आहेत. पंचवीस वर्षांपासून ते डेट्रॉइटच्या पश्चिमेला कँटन या वस्तीत राहतात आणि आता अमेरिकेचे नागरिक आहेत. राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीचे दिवस होते. घराघरांच्या हिरवळीवर उमेदवारांच्या पाट्या खोचलेल्या, टीव्हीवर दर पाच मिनिटांनी जाहिरात. पण आम्हाला उमेदवारांपेक्षा दुसऱ्याच गोष्टीने धरून ठेवले. मत द्यायला जाणाऱ्या माणसाला इथे कोण अडवू शकतो आणि कोण अडवू शकत नाही, ही ती गोष्ट. हॅमट्रॅमिक पाहायला आम्ही त्यासाठीच गेलो.

हे गाव मुळात पोलंडहून आलेल्या कामगारांचे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डॉज बंधूंनी इथे मोटारींचा मोठा कारखाना काढला आणि शेतवाडीचे गाव दाट वस्तीचे झाले. १९३० मध्ये इथे छप्पन्न हजार माणसे राहत होती. १९८० मध्ये तो कारखाना बंद पडला, पोलिश तरुण बाहेर गेले, घरे स्वस्त झाली. त्या स्वस्त घरांत येमेनी, बांगलादेशी आणि बोस्नियाचे मुसलमान येऊन राहिले. त्यांनी मोडकळीला आलेली घरे दुरुस्त केली, दुकाने उघडली, मुले शाळेत घातली आणि रीतसर मुदत पुरी झाल्यावर नागरिकत्व घेतले. नागरिक झाले म्हणून मतदार झाले. इथपर्यंत सगळे सुरळीत होते.

मग २ नोव्हेंबर १९९९ ची गावची निवडणूक आली. मिशिगनच्या कायद्यात ‘चॅलेंजर’ नावाची तरतूद आहे. पक्ष किंवा एखादी संघटना आपली माणसे मतदान केंद्रात बसवू शकते. समोरचा मतदार पात्र नाही असे सबळ कारण असेल तर त्यांनी आक्षेप घ्यायचा. त्या दिवशी ‘सिटिझन्स फॉर अ बेटर हॅमट्रॅमिक’ या गटाची माणसे केंद्रांवर बसली होती. त्यांनी चाळीसहून अधिक मतदारांवर आक्षेप घेतला. कारण काय, तर रंग सावळा, चेहरा अरबी, किंवा नाव मुसलमानाचे. हे नागरिक नसावेत, असा त्यांचा म्हणण्याचा रोख. काहींनी खिशातून अमेरिकेचा पासपोर्ट काढून दाखवला. तरी त्यांना हात वर करून आपण नागरिक असल्याची शपथ घ्यायला लावली आणि मगच मतपत्रिका दिली. रांगेतल्या गोऱ्या मतदाराला अशी शपथ कोणी विचारली नाही. नगरपालिकेचे निवडणूक कर्मचारी समोर होते. त्यांनी हे थांबवले नाही.

हे वाचताना आपल्या वाचकांना नमुना ७ आठवल्याशिवाय राहणार नाही. यादीतल्या नावावर दुसऱ्या मतदाराने हरकत घ्यायची सोय आपल्याकडेही आहे, आणि तिचा हेतूही मुळात वाईट नाही. मेलेल्या माणसाचे नाव निघायलाच हवे. सवाल असतो तो हरकत कोणाच्या नावावर आणि कशाच्या आधारावर येते याचा.

हॅमट्रॅमिकमध्ये पुढे जे घडले ते मात्र नोंद घेण्यासारखे आहे. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या न्याय खात्याने शहराविरुद्ध दावा लावला. आधार होता १९६५ च्या मतदान हक्क कायद्याचा. दक्षिणेतल्या काळ्या लोकांना मत देऊ दिले जात नव्हते, त्यासाठी मार्टिन ल्यूथर किंग आणि त्यांच्या साथीदारांनी मार खाल्ला, त्या लढ्यातून आलेला हा कायदा. त्याचा उपयोग पस्तीस वर्षांनी येमेनी आणि बंगाली मुसलमानांना झाला. ऑगस्ट २००० मध्ये कोर्टात समझोत्याचा आदेश झाला. शहराने कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्यायचे, ज्या केंद्रांवर हा प्रकार झाला तिथे अरब आणि बंगाली वंशाचे निवडणूक कर्मचारी नेमायचे, सूचना अरबी आणि बंगालीतही लावायच्या आणि केंद्राच्या निरीक्षकांना येऊ द्यायचे, अशा त्याच्या अटी होत्या.

पंधरा वर्षांनी, २०१५ मध्ये, त्याच गावात मुसलमान बहुसंख्य असलेली अमेरिकेतली पहिली नगर परिषद निवडून आली. जानेवारी २०२२ मध्ये सहाही सदस्य मुसलमान झाले, त्यात पोलिश वंशाची एक नवमुस्लिम महिलाही होती, आणि महापौर झाले येमेनमध्ये जन्मलेले आमिर गालिब. मामू म्हणाले की ज्या माणसांना हात वर करायला लावले होते त्यांच्यापैकी कोणी आज नगर परिषदेच्या बैठकीला येऊन मागे बसत असेल तर नवल नाही. आम्ही तसे कोणी भेटते का पाहिले, भेटले नाही.

बंगाली भाषेची गोष्टही समजून घेण्यासारखी आहे. १९७५ मध्ये मतदान हक्क कायद्यात एक कलम घातले गेले. ज्या वस्तीत एखाद्या भाषेचे, इंग्रजी नीट न येणारे मतदार ठरावीक प्रमाणाच्या वर आहेत तिथे निवडणुकीचे सगळे कागद त्या भाषेतही द्यायचे. दर पाच वर्षांनी सरकार गावांची यादी काढते. २०११ च्या यादीत हॅमट्रॅमिकचे नाव बंगालीसाठी आले. तेव्हापासून मतपत्रिका बंगालीतही द्यायची कायद्याने सक्ती आहे. सिल्हेटच्या खेड्यातून आलेली म्हातारी इथे आपल्या लिपीत उमेदवाराचे नाव वाचते.

येमेनी म्हातारीला मात्र हे कलम लागू नाही! कारण १९७५ मध्ये कायदा करणाऱ्यांनी चारच समूह मोजले: स्पॅनिश भाषक, आशियाई, अमेरिकेचे मूळ रहिवासी आणि अलास्काचे मूळ रहिवासी. अरब त्यात बसत नाहीत. बांगलादेशी आशियाई ठरतो आणि त्याचा शेजारी येमेनी, ज्याचा देशही आशिया खंडातच आहे, तो ठरत नाही. कायद्याच्या पुस्तकात असे विनोद असतात, पण त्याची किंमत कोणीतरी मोजत असते.

ही उणीव भरून काढली ती शेजारच्या डिअरबॉर्नने. ते हेन्री फोर्डचे गाव. रूज नदीकाठचा त्यांचा अवाढव्य कारखाना अजून चालू आहे, आणि त्याच कारखान्यातल्या मजुरीसाठी लेबनॉन, सीरिया, येमेन इथून माणसे आली. वॉरेन अ‍ॅव्हेन्यूवर फिरताना बेकऱ्यांतून जाफरान आणि पिस्त्याचा वास येतो. दुकानांच्या पाट्या आधी अरबीत आणि मग इंग्रजीत. पण या गावाचा इतिहास गोड नाही. १९४२ पासून १९७८ पर्यंत ऑर्व्हिल हबर्ड नावाचे महापौर होते. काळ्या लोकांना गावात राहू द्यायचे नाही हे त्यांचे उघड धोरण. १९८५ च्या महापौरपदाच्या प्रचारात तर ‘अरब समस्या’ या शब्दांत पत्रके वाटली गेली. आज नगरपालिकेसमोरून हबर्ड यांचा पुतळा हललेला आहे आणि २०२१ मध्ये अब्दुल्ला हमूद महापौर म्हणून निवडून आले, अरब वंशाचे आणि मुसलमान असलेले पहिले. रशीदा तलीब याच भागातून संसदेत जातात.

डिअरबॉर्नमध्ये जवळपास निम्मी घरे अरबी बोलतात. २०२२ मध्ये तिथल्या नगर परिषदेने ठराव केला की शहरात दहा हजार रहिवासी किंवा पाच टक्के लोक जी भाषा घरात बोलतात त्या भाषेत मतपत्रिका मिळेल. ठरावात अरबीचे नाव घ्यायची गरजही पडली नाही. त्याच वर्षी ऑगस्टच्या प्राथमिक निवडणुकीत अरबी मतपत्रिका हातात आली. केंद्र सरकारच्या कायद्याची वाट न पाहता गावाने आपल्यापुरता रस्ता काढला, हे आम्हाला फार आवडले.

गाव असे करू शकते याचे कारण मिशिगनमध्ये निवडणूक चालवते ते गावच. आपल्याकडे दिल्लीत एक आयोग आणि खाली जिल्हाधिकारी, तसे इथे नाही. ८३ परगणे, २८० शहरे, १,२४० टाउनशिप, आणि प्रत्येक शहर-टाउनशिपचा एक क्लार्क. हा आपल्याकडचा कारकून नव्हे. अनेक ठिकाणी तो किंवा ती स्वतः निवडून आलेली असते. मतदारांची नोंद, टपाली मतपत्रिका, मतदान केंद्रे, सगळे तिच्याकडे. एखाद्या टाउनशिपमध्ये हे काम दोन खोल्यांच्या कचेरीतून चालते. क्लार्क भला असेल तर सगळे भले, नसेल तर हॅमट्रॅमिकचे १९९९ होते.

वर राज्याची ‘सेक्रेटरी ऑफ स्टेट’ ही कचेरी असते. गाडीचे लायसन्स देणारी आणि निवडणुकांवर देखरेख करणारी कचेरी एकच! आम्हाला आधी हे चमत्कारिक वाटले. पण त्यातूनच एक मोठी सोय निघाली. रिचर्ड ऑस्टिन नावाचे काळे गृहस्थ १९७१ पासून चोवीस वर्षे या पदावर होते. या पदावर निवडून आलेले ते मिशिगनचे पहिले काळे गृहस्थ. लायसन्स काढायला आलेल्या माणसाची मतदार नोंद तिथल्या तिथे करून टाकायची, अशी पद्धत त्यांच्या काळात १९७५ मध्ये मिशिगनने देशात प्रथम आणली. १९९३ मध्ये ती सगळ्या देशाचा कायदा झाली.

पण बाकी बाबतीत मिशिगन बराच काळ मागे होता. टपाली मतपत्रिका हवी तर साठीच्या वरचे वय, आजारपण, परगावी असणे असे काही कारण द्यावे लागे. मतदानाचा दिवस मंगळवार, सकाळी सात ते रात्री आठ, आणि सरसकट सुट्टी नाही. कारखान्यात पाळी करणाऱ्याने काय करावे? भाड्याने गाडी करून मतदाराला केंद्रावर नेणे हादेखील या राज्यात गुन्हा होता. तो कायदा २०२३ मध्ये रद्द झाला.

हे बदलले ते विधिमंडळाने नव्हे, लोकांनी. मिशिगनच्या घटनेत सोय आहे की राज्यपालाच्या मागच्या निवडणुकीत पडलेल्या मतांच्या दहा टक्के एवढ्या मतदारांच्या सह्या आणल्या तर घटनादुरुस्ती थेट मतदानाला टाकता येते. २०१८ साली हा आकडा ३ लाख १५ हजारांच्या घरात होता. त्या वर्षी दोन दुरुस्त्या मंजूर झाल्या. मतदारसंघांच्या सीमा पक्षांच्या हातातून काढून तेरा सामान्य नागरिकांच्या आयोगाकडे दिल्या: चार एका पक्षाचे, चार दुसऱ्याचे, पाच कोणाचेच नव्हेत. या मोहिमेची सुरुवात एका तरुणीच्या फेसबुकवरच्या मजकुरापासून झाली होती. दुसऱ्या दुरुस्तीने कोणतेही कारण न देता टपाली मत आणि मतदानाच्या दिवसापर्यंत नाव नोंदवण्याची मुभा दिली. म्हणजे मंगळवारी सकाळी लक्षात आले की यादीत नाव नाही, तर राहण्याचा पुरावा घेऊन क्लार्कच्या कचेरीत जायचे, नाव घालायचे आणि तिथेच मत देऊन यायचे. यादीत नाव नाही म्हणून हात हलवत परतणारी माणसे आपण दर निवडणुकीला पाहतो, म्हणून ही गोष्ट आम्ही मामूंकडून दोनदा समजावून घेतली.

२०२२ मध्ये आणखी एक दुरुस्ती आली. ती मतदानाला टाकायची की नाही यावरच राज्याच्या निवडणूक मंडळात दोनास दोन अशी कोंडी झाली आणि शेवटी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हुकूम दिला. लोकांनी सुमारे साठ टक्क्यांनी ती मंजूर केली. आता मतदानाआधी सलग नऊ दिवस, रोज किमान आठ तास, प्रत्यक्ष जाऊन मत देता येते. टपाली मतपत्रिकेचा टपालखर्च सरकारचा. दर पंधरा हजार मतदारांमागे एक ड्रॉप बॉक्स, म्हणजे कुलूपबंद पेटी, लहान गावातही किमान एक. फोटोचे ओळखपत्र नसेल तर प्रतिज्ञापत्रावर सही करून मत देता येते. मत वेगळे काढून ठेवत नाहीत, इतरांसारखेच मोजतात.

नऊ दिवस शनिवारी सुरू होऊन पुढच्या रविवारी संपतात. म्हणजे दोन शनिवार-रविवार आणि मध्ये एक जुमा. काळ्या लोकांच्या चर्चमधून रविवारी प्रार्थनेनंतर एकत्र मतदानाला जाण्याची जुनी रीत आहे. आम्ही होतो तेव्हा मामू जुम्याच्या नमाजनंतर मशिदीतून थेट केंद्रावर गेले. आम्हाला बरोबर नेले. केंद्राच्या दारापासून शंभर फुटांच्या आत प्रचाराची पाटी चालत नाही, म्हणून पाट्या आणि माणसे त्या रेषेच्या बाहेर. आम्ही पाहुणे, बाहेर बाकावर बसलो. आत जाणाऱ्यांत एक वयस्क बाई नातीचा हात धरून जात होत्या. कायद्याने वाचता न येणाऱ्याला किंवा अपंगाला आपल्या पसंतीचा मदतनीस आत नेता येतो. फक्त तो मालक किंवा कामगार संघटनेचा माणूस नसावा. हा मालकाचा अपवाद ज्याने घातला त्याला माणसांची पारख असली पाहिजे.

मामू वीस मिनिटांत परतले, कोटावर स्टिकर लावून. त्या वर्षी स्टिकरची स्पर्धा झाली होती आणि बारा वर्षांच्या एका मुलीने काढलेला, अंगावरचा शर्ट फाडत ओरडणारा लांडगा लोकांनी पहिला ठरवला होता. मामूंच्या छातीवर तो लांडगा पाहून मामींना हसू आवरेना.

मामींचे मत आधीच टपालाने गेले होते. त्या कायमच्या टपाली यादीत आहेत. दर निवडणुकीला मतपत्रिका घरी येते, पाकिटावर सही करायची, सही नोंदीतल्या सहीशी जुळली पाहिजे, जुळली नाही तर क्लार्कने कळवून दुरुस्तीची संधी द्यायची. घरात लहान मुले, म्हातारी माणसे असणाऱ्या बायकांना ही सोय किती मोलाची आहे हे सांगायला नको. रात्री जेवणानंतर टेबलावर मतपत्रिका पसरून, न्यायाधीशापासून शाळा मंडळापर्यंत एकेका उमेदवाराची माहिती काढून त्या खुणा करतात. इथली मतपत्रिका दोन्ही बाजूंनी भरलेली असते, उभ्याउभ्या भरण्यासारखी नाहीच.

आपल्या कुटुंबांतली मुले शिकायला किंवा नोकरीला तिकडे असतात, म्हणून एक गोष्ट ठळक सांगायला हवी. व्हिसावर असलेल्याला आणि ग्रीन कार्ड असलेल्यालाही हा हक्क नाही. लायसन्सच्या कचेरीत किंवा कॉलेजच्या आवारात कोणी नोंदणीचा फॉर्म पुढे केला तर ‘मी नागरिक आहे’ या ओळीखाली सही करू नये. तो फौजदारी गुन्हा आहे आणि त्यापायी देशाबाहेर काढले जाऊ शकते. आम्ही तिथे असतानाच मिशिगन विद्यापीठातल्या एका चिनी विद्यार्थ्याने अ‍ॅन आर्बरमध्ये नाव नोंदवून मत दिल्याची बातमी आली आणि त्याच्यावर खटला भरला गेला. उलट आपले भारताचे नागरिक असलेले तिथले नातलग इथल्या यादीत नाव ठेवू शकतात, पण मत द्यायला विमानाने गावी यावे लागते. अमेरिकी नागरिक जगात कुठेही असो, त्याला मतपत्रिका निवडणुकीच्या ४५ दिवस आधी पाठवलीच पाहिजे असा कायदा आहे.

सगळे गोडच सांगितले तर वाचकांची फसवणूक होईल. हॅमट्रॅमिकची मतपत्रिका एका काळात जवळजवळ निरर्थक झाली होती. मिशिगनमध्ये कर्जबाजारी शहरावर राज्यपालाला ‘इमर्जन्सी मॅनेजर’ नेमता येतो. आपल्याकडचा प्रशासक म्हणा. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढची काही वर्षे प्रशासकच होता, त्यामुळे हे काय असते ते आपल्याला कळते. तिथे फरक असा की निवडून आलेली परिषद बसलेली असते, पण तिच्या हातात काही उरत नाही. २०१२ च्या नोव्हेंबरात मिशिगनच्या मतदारांनी हा कायदा मतदानाने उडवला. विधिमंडळाने डिसेंबरात तसाच दुसरा कायदा केला आणि त्यात पैशाची एक तरतूद घातली, कारण पैशाच्या कायद्यावर जनमत घेता येत नाही. २०१३ मध्ये हॅमट्रॅमिकवर मॅनेजर आला. काळी वस्ती मोठी असलेल्या फ्लिंट शहरावरही तो होता. त्याच काळात, एप्रिल २०१४ मध्ये, खर्च वाचवायला शहराचे पाणी फ्लिंट नदीतून घेतले गेले आणि नळातून शिसे आले. मत होते, यादीत नाव होते, केंद्र उघडे होते, तरी पाण्याचा निर्णय मतदारांच्या माणसांनी घेतला नव्हता.

आणि आपल्या माणसांचेही सांगितले पाहिजे. ऑगस्ट २०२५ मध्ये हॅमट्रॅमिकच्या दोन नगरसेवकांवर फौजदारी खटला दाखल झाला. आरोप असा की २०२३ च्या निवडणुकीत नव्याने नागरिक झालेल्या लोकांकडून टपाली मतपत्रिकांवर सह्या घेतल्या आणि उमेदवार दुसऱ्यांनीच भरले. खरे-खोटे कोर्ट ठरवील. पण मिशिगनचा कायदा स्पष्ट आहे: दुसऱ्याची मतपत्रिका घरचा माणूस, त्याच घरात राहणारा, टपालवाला किंवा निवडणूक अधिकारी यांनीच न्यायची. मुफ्ती मुहम्मद शफी यांनी मताला शहादत, शिफारस आणि वकालत अशी तीन नावे दिली होती. कोरी शहादत सही करून दुसऱ्याच्या हातात देणे म्हणजे काय, हे समजायला फिकहचा अभ्यास लागत नाही. १९९९ मध्ये पासपोर्ट दाखवूनही ज्यांना अडवले त्यांच्याच गावात हे व्हावे याचे आम्हाला जास्त वाईट वाटले. शिवाय ज्यांना टपाली मतच बंद करायचे आहे त्यांच्या हातात आयते कोलीत मिळाले.

कारण तसे म्हणणारे पुष्कळ आहेत. २०२० मध्ये बायडन मिशिगनमध्ये १ लाख ५४ हजार मतांनी जिंकले. त्या वर्षी टपाली मते प्रचंड होती आणि ती आधीपासून मोजायला कायद्याची परवानगी नव्हती, म्हणून मोजणी लांबली. ४ नोव्हेंबरला डेट्रॉइटच्या मोजणी केंद्राबाहेर जमाव काचा बडवत मोजणी थांबवा म्हणून ओरडत होता. ज्या शहराची मते मोजू नका म्हणत होते ते काळ्यांचे शहर, हे कोणाच्या नजरेतून सुटले नाही. शेवटी २३ नोव्हेंबरला राज्याच्या मंडळात निकाल मंजूर झाला तो एका रिपब्लिकन सदस्याने, आरोन व्हॅन लँगवेल्ड यांनी, पक्षाच्या दबावाला न जुमानता कायद्याप्रमाणे हात वर केला म्हणून. २०२३ मध्ये कायदा बदलून पाच हजारांवरच्या वस्तीला आठ दिवस आधीपासून मते यंत्रात घालायची मुभा दिली. निकाल मतदान संपल्यावरच.

मुसलमानांचे मत एका गठ्ठ्याने पडते असे समजणाऱ्यांनी डिअरबॉर्नकडे पाहावे. फेब्रुवारी २०२४ च्या प्राथमिक निवडणुकीत, म्हणजे नऊ दिवसांचे आगाऊ मतदान राज्यभर पहिल्यांदा झाले तेव्हा, गाझावरच्या संतापातून राज्यात एक लाखाहून अधिक लोकांनी बायडन यांना मत न देता ‘अनकमिटेड’, म्हणजे कोणालाच बांधील नाही, या रकान्यात खूण केली. नोव्हेंबरात डिअरबॉर्नमध्ये ट्रम्प पहिले आले, कमला हॅरिस दुसऱ्या, आणि ग्रीन पक्षाच्या जिल स्टाइन यांनाही बरीच मते पडली. एकाच घरात तिघांनी तीन ठिकाणी खुणा केल्या असे मामू सांगत होते. नंतर दस्तरखानावर काय झाले असेल ते विचारू नका.

आता नवा सवाल उभा आहे. नाव नोंदवताना नागरिकत्वाचा कागद सक्तीचा करावा, अशी घटनादुरुस्ती मिशिगनमध्ये आणण्यासाठी २०२५ पासून सह्यांची मोहीम सुरू झाली. सह्यांनी दार उघडता येते तसे लावताही येते. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या न्याय खात्याने मिशिगन राज्यावर दावा लावला, राज्याची सगळी मतदार यादी आम्हाला द्या म्हणून. २००० साली हॅमट्रॅमिकच्या मुसलमानांच्या बाजूने कोर्टात गेलेले खाते हेच.

परतल्यावर मामींशी फोनवर बोलणे झाले तेव्हा त्या कपाटातले कागद काढून बसल्या होत्या. नागरिकत्वाच्या दाखल्यावर नाव एक, लायसन्सवर लग्नानंतरचे दुसरे, आणि महाडच्या जन्मदाखल्यावर ‘बी’ जोडलेले तिसरेच. पासपोर्टची मुदत संपत आली आहे. तो आधी नवा करून घेते आणि तीनही नावे एकच करण्यासाठी कोर्टात अर्ज टाकते, असे त्या म्हणाल्या. फी किती आहे ते त्यांनी तेवढ्यात पाहूनही ठेवले होते.